चाहत्याने अभ्यासाला बसावं म्हणून

मराठीत रहस्यकथा, भयकथा, गूढकथा आणि विज्ञानकथा यांच्यावर जीव टाकणारे वाचक पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी नीट लिहिणारे अभ्यासक मात्र फार थोडे. वाचक आणि अभ्यासक हे एकच माणूस असावं, या इच्छेतून हे पुस्तक आकाराला आलं. ज्याने शाळेच्या वयात धनंजय आणि छोटूच्या मागे मुंबई पालथी घातली, त्याला या क्षेत्रात शिरायला वेगळा दाखला लागत नाही. या, बसा. सुरुवात तुम्हाला आठवतं आहे तिथूनच करू.

धनंजय-छोटूचे जनक बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि बोलणं बहुधा तिथेच संपतं. खरं बोलणं तिथून सुरू व्हायला हवं. ही पुस्तकं बहुतेकांनी विकत घेतली नाहीत. सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणली, एका रात्रीत संपवली आणि सकाळी परत केली. वाचकाच्या हाती कोणतं पुस्तक आधी पडेल याचा भरवसा नव्हता. म्हणून झुंजार असो की काळापहाड, नायकाची ओळख प्रत्येक वेळी पहिल्या काही पानांतच करून द्यावी लागे आणि गोष्ट पुन्हा कोऱ्या पाटीवर सुरू होई. समीक्षकांनी ज्याला तोचतोचपणा म्हटलं, त्याच्या मुळाशी वाचनालयाचा हा व्यवहार आहे. वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण तो विचारात घेतला नाही, याची मला खंत वाटते.

लायब्ररीची एखादी जुनी प्रत हातात घेऊन पाहा. मूळचं रंगीत मुखपृष्ठ गेलेलं असतं, जाड पुठ्ठ्याची बांधणी असते, आणि टाके इतके आत घातलेले असतात की ओळींची शेवटची अक्षरं शिवणीत गडप होतात. पहिल्या प्रकरणातच कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असतं. त्याच्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात त्या लिहिणाऱ्याचा उद्धार. शेवटचं पान बहुधा नसतंच. साहित्याच्या इतिहासात सामान्य वाचक फार क्वचित बोलतो; या समासांत तो बोलला आहे. पण मुखपृष्ठ गेलं तिथे चित्रकारही गेला. रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकारांची या पुस्तकांवरची चित्रं आज शोधावी लागतात, ती याच बांधणीपायी.

नारायण धारपांपाशी मी जरा जास्त वेळ थांबतो, कारण चाहत्याच्या प्रेमाची खरी परीक्षा तिथे होते. ‘लुचाई’ वाचून ज्याने रात्री खिडकी लावून घेतली, त्याला पुढे कळतं की तिला स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’चा आधार आहे. पुष्कळांचा तिथे हिरमोड होतो. माझ्या मते अभ्यासाला खरी गोडी तिथून येते. अमेरिकेतल्या एका गावावर आलेलं सावट मराठी घरात आणायचं, तर क्रूस आणि चर्च यांच्या जागी काय ठेवायचं? भीती कुणाच्या तोंडून सांगायची, तिला आवर कशाने घालायचा, आणि मराठी वाचकाचा कोणत्या गोष्टीवर चटकन विश्वास बसेल? मूळ आणि मराठी पुस्तक शेजारी ठेवून ओळीओळीने वाचलं, तर धारपांनी काय बदललं आणि का, हे दिसू लागतं. हा प्रवास पुढेही चालू राहिला. किंगच्या ‘ग्रॅमा’वरून धारपांची ‘आजी’ आली. तिच्यावरून राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ला (2018) बीज मिळालं, आणि चित्रपटाचं नाव आलं ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. एकाच चित्रपटात अमेरिकन भयकथा आणि कोकणची कादंबरी अशी भेटते.

पडद्याचा इतिहासही असाच नात्यागोत्यांचा आहे. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) जयंत देवकर यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून आला, आणि त्याच्यावरून राज खोसलांचा ‘मेरा साया’ (1966). बरेलीच्या बाजारातल्या झुमक्याचं गाणं देशभर गुणगुणलं जातं. देवकरांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’चंही तसंच. त्या मराठी मालिकेत बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम एकत्र आले नसते, तर ‘सीआयडी’चं रूप कदाचित वेगळं झालं असतं.

विज्ञानकथेला तुलनेने लवकर मान मिळाला. जयंत विष्णु नारळीकरांनी 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे 2021च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तो मान रास्तच होता. अर्नाळकर आणि धारप यांच्या वाट्याला तो आला नाही, आणि हा अन्याय झाला असं मी मानतो.

स्मरणरंजनाला अभ्यासक घाबरतात. मला ते मोलाचं साधन वाटतं, कारण अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाचे अंक चाळीस-पन्नास वर्षं माळ्यावर जपून ठेवले ते चाहत्यांनी, प्रेमापोटी. मात्र आठवण सैल असते. दोन कथा तिच्यात एकमेकींत मिसळतात आणि लहानपणी वाटलेली भीती पुस्तकातल्या भीतीहून मोठी होऊन बसते. म्हणून आठवणीला आवृत्ती, साल, प्रकाशक आणि मुखपृष्ठ यांची जोड द्यायची. पुस्तक पुन्हा वाचायचं आणि आज ते फिकं वाटलं तर तसं लिहायचं. त्याने प्रेम कमी होत नाही. त्यातल्या बायका, नोकर आणि परजातीचे खलनायक कसे रंगवले आहेत, हेही न कचरता लिहायचं.

पुढच्या प्रकरणांचा क्रम पाळलाच पाहिजे असं नाही. तुमच्या आवडत्या लेखकापासून सुरुवात करा. आणि एक विनंती आहे. घरातली जुनी पुस्तकं, दिवाळी अंक रद्दीत देण्याआधी प्रत्येकाचं मुखपृष्ठ आणि साल-किंमत छापलेलं पान यांचा फोटो काढून ठेवा, आणि शक्य असेल तर ती पुस्तकं जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला विचारून तिथे द्या.