आज्ञा आणि विवेक

धर्माची दीक्षा एका दिवसांत घेतां येते. तिचें आचरण मात्र जन्मभर पुरतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई या दांपत्याचें चरित्र याची साक्ष देतें.

१८९५ च्या फेब्रुवारींत टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. अंतःकरणाची आज्ञा त्यांनीं पाळली. परंतु तिचें मोल घरालाही द्यावें लागलें. लक्ष्मीबाई दुरावल्या. पुढें त्या पतीजवळ आल्या, तरी केवळ त्यांच्या शब्दाखातर त्यांनीं धर्म सोडला नाहीं. आपली चूल व सोवळें त्यांनीं वेगळें राखलें. मनुष्यांतील उच्चनीच भाव ईश्वरानें निर्मिला कीं मनुष्यानें, या प्रश्नाचा निर्णय त्यांनीं स्वतःच केला आणि मग १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचा विवेकही असाच जागा होता. ख्रिस्ताला शरण जावें म्हणून परकीय चालीरीतीही उचलाव्या, हें त्यांना मान्य नव्हतें. तुकोबांच्या अभंगाचा सांचा घेऊन त्यांनीं ख्रिस्तभक्ति मराठींत गाइली. १९१७ सालीं अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्याचें दार मोकळें होतें.

९ मे १९१९ रोजीं टिळक निवर्तले; ‘ख्रिस्तायन’ अपुरेंच राहिलें. तें पुरें केलें लक्ष्मीबाईंनीं. डोळे मिटून मागें येण्याचें जिनें नाकारलें होतें, तिनेंच अखेर तें काम शेवटास नेलें. विवेकानें पारखलेली आज्ञाच अशी टिकते.