रात्र घरी, उपचार दिवसा

मनाच्या आजारावरील उपचार म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर दोन चित्रे येतात: उंच भिंतींचे मनोरुग्णालय, नाहीतर महिन्याकाठी आणायच्या गोळ्या. या दोहोंच्या मधे आणखी एक पायरी आहे. तिला दिवस-रुग्णालय म्हणतात. रुग्णाने सकाळी यायचे. औषधे, गटात बोलणे, हाताला काम, घरच्यांसह सल्लामसलत अशा कार्यक्रमात दिवस घालवायचा आणि संध्याकाळी घरी परतायचे.

ही पायरी उशिरा तयार झाली. एकोणिसाव्या शतकातील संस्थांचा भर रुग्णाला समाजापासून वेगळे ठेवण्यावर होता. नागपूरचे मनोरुग्णालय त्याच काळातले, १८६४ चे. पुढे १९३० नंतरच्या दशकात मॉस्कोत खाटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा केवळ दिवसाचे उपचार सुरू झाले. १९४६ मध्ये माँट्रियलला इवेन कॅमेरॉन आणि लंडनला जोशुआ बीरर यांनी अशी केंद्रे काढली. १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आले. भ्रम व अस्वस्थता आटोक्यात येऊ लागल्यामुळे अनेकांना घरी राहून उपचार घेणे शक्य झाले.

त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी वेगळी वाट धरली. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून त्यांनी नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला लावले. परदेशात रुग्ण रात्री घरी जाऊ लागला. इथे घरच रुग्णालयात आले! शुश्रूषा करता करता कुटुंबे आजारही समजून घेऊ लागली.

आता आपण दर्यापूरकडे वळू. येथून अमरावती सुमारे पन्नास किलोमीटर. तेथे आठवड्यातून पाच दिवस उपचारांना जायचे, तर प्रवासच पाचशे किलोमीटरचा होतो. शिवाय रुग्णाची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही. शहरासाठी आखलेली पद्धत खेड्यात जशीच्या तशी का चालत नाही, ते या साध्या हिशेबावरून कळते.

मग उपचारांनीच गावाकडे यायला हवे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' प्रकल्पाने हे करून पाहिले. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले, समुपदेशक नेमले आणि गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञांची जोड दिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे दिवस-रुग्णालय नव्हे. पण घर न सोडता उपचार, हे तत्त्व तेच. गंभीर आजारासाठी मात्र तालुक्याच्या ठिकाणी दिवसाचे उपचार मिळायला हवेत. उपचारांसाठी कोणाला लांबचा प्रवास करावा लागू नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो.

वर्गात हा अंतराचा हिशेब मुलांकडून आपापल्या गावासाठी करून घ्यावा. सोबत फळ्यावर एक क्रमांक लिहावा: १४४१६. मानसिक आरोग्यासाठीची ही शासकीय 'टेलिमानस' सेवा दूरध्वनीवर विनामूल्य मिळते. तिच्यासाठी एस.टी.चे तिकीट लागत नाही.