खदान बंद झाली, पण धोका संपला का? जुन्या कोळसा खदानींजवळच्या गावांनी हे जाणून घ्यावे

चंद्रपूर : जिल्ह्यात कोळसा काढायला १८७० च्या दशकात वरोऱ्यापासून सुरुवात झाली. त्यानंतर बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, भद्रावती आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी भागात खदानी वाढत गेल्या. त्यातील अनेक आता बंद आहेत. मशिनी गेल्या, स्फोटांचे आवाज थांबले, म्हणून त्रास संपला असं गावकऱ्यांना वाटतं. पण काही धोके खदान बंद झाल्यावरच सुरू होतात.

विहिरीला पाणी परत आलं, पण कसलं?

खदान चालू असताना पंप लावून रात्रंदिवस पाणी उपसतात. त्यामुळे आजूबाजूच्या विहिरी आटतात. खदान बंद झाली की पंप थांबतात आणि जमिनीतली पोकळी हळूहळू पाण्याने भरते. काही वर्षांत विहिरींनाही पाणी येतं. गावाला आनंद होतो. मात्र हे पाणी फोडलेल्या खडकातून आणि उरलेल्या कोळशातून मुरून आलेलं असू शकतं.

कोळशात आणि त्यालगतच्या खडकात लोह व गंधकाचं एक खनिज असतं. हवा आणि पाणी लागलं की त्यापासून गंधकाम्ल तयार होतं. असं आम्ल पाणी खडकातले लोह, मँगेनीज यांसारखे धातू विरघळवून सोबत आणतं. नाल्याच्या तळाला नारिंगी-तांबूस गाळ बसत असेल तर ती याची खूण आहे. मेघालयातील जयंतिया हिल्स भागात कोळसा खदानींमुळे नद्यांचं पाणी आम्ल होऊन मासे नाहीसे झाले.

प्रत्येक खदानीत असं होत नाही. खडकात गंधक किती, चुना किती, यावर ते ठरतं. पण आम्लता नसली तरी पाण्यात क्षार, सल्फेट आणि जडपणा वाढू शकतो.

तब्येतीवर काय परिणाम?

सल्फेट जास्त असलेल्या पाण्याने जुलाब होतात, लहान मुलांना जास्त त्रास होतो. मँगेनीज जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षे पिल्यास मेंदू व मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (प्रति लिटर) :

- सामू (पीएच) : ६.५ ते ८.५
- एकूण विरघळलेले क्षार (टीडीएस) : ५०० मिलिग्रॅम; दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत
- सल्फेट : २०० मिलिग्रॅम; दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत
- मँगेनीज : ०.१ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत

पाणी उकळून चालेल का?

नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण धातू आणि क्षार तसेच राहतात. उलट पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण थोडं वाढतं. तुरटीने गढूळपणा बसतो, विरघळलेले क्षार जात नाहीत. खिशातलं टीडीएस मीटर एकूण क्षार किती ते दाखवतं, त्यात विषारी कोणते ते सांगत नाही. पाणी नितळ दिसतं म्हणजे चांगलं, असंही नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.

जमीन खचणे, आग, बुडणे

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भुयारी खदान होती. घरातले लोक वेळीच बाहेर पडल्याने वाचले. शेतात नवी लांब भेग पडणं, बांधातलं पाणी अचानक गायब होणं, भिंतींना एकाएकी तडे जाणं या धोक्याच्या खुणा आहेत. असं दिसलं तर आधी घर सोडावं, मग तलाठी व तहसीलदारांना कळवावं.

उरलेला कोळसा हवेने आपोआप पेट घेतो. जमीन गरम लागत असेल, धूर किंवा गंधकाचा वास येत असेल तिथे ढोरं नेऊ नयेत, कोळसा वेचायला जाऊ नये. जुन्या भुयारात शिरू नये. आत प्राणवायू कमी असतो, माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. उघड्या खदानीत साचलेलं पाणी तलावासारखं दिसतं, पण काठाला उतार नसतो. एक पाऊल पुढे टाकलं की खोल पाणी. मुलांना तिकडे पोहायला जाऊ देऊ नये.

मातीचे ढिगारे पावसात वाहून नाल्यात येतात. नाला उथळ होतो आणि पुराचं पाणी शेतात शिरतं. क्षारयुक्त पाणी ओलिताला वापरलं तर जमीन कडक होत जाते. त्यासाठी माती व पाणी दोन्ही कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्यावे.

गावाने काय करावे?

१. विहीर, बोअर व नळयोजनेचं पाणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासावं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो.

२. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. ठिकाण व तारीख लिहावी. जवळ जुनी खदान असल्याचं सांगून सल्फेट, लोह, मँगेनीज व जड धातूंची तपासणी मागावी.

३. अहवाल खराब आला तर त्या स्रोतावर ‘पिण्यास अयोग्य’ असा फलक लावून ग्रामसभेत ठराव घ्यावा. ठरावाची प्रत जिल्हाधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि खदान ज्या कंपनीची होती तिला द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.

४. कोळसा खदान बंद करताना जमीन, पाणी व सुरक्षेची कामं करण्यासाठी २००९ पासून ‘खाण बंदी आराखडा’ आणि त्याचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक आहे. हा आराखडा माहिती अधिकारात मागता येतो.

५. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत पिण्याचं पाणी, आरोग्य आणि प्रदूषण नियंत्रण ही प्राधान्याची कामं आहेत. शुद्ध पाण्याच्या योजनेसाठी बाधित गावांनी तिथे प्रस्ताव द्यावा. पाण्याचा अहवाल आणि ग्रामसभेचा ठराव सोबत जोडावा.