महाडचे दोन ठराव

लहान शहराच्या म्युनिसिपालिटीचें कामकाजाचें पुस्तक सहसा कोणी आवडीनें वाचीत नाहीं. गटारें, दिवाबत्ती, घरपट्टी, रस्त्यावर टाकावयाची खडी असे त्यांतले विषय. सूचक अमुक, अनुमोदक अमुक, आणि शेवटीं 'मंजूर' एवढा एक शब्द. राज्यें येतात आणि जातात, त्यांचा इतिहास मोठमोठ्या ग्रंथांत लिहिला जातो. गांवच्या सभागृहांतील अध्यक्षाची खुर्ची कोणाकडून कोणाकडे गेली याची आठवण मात्र पुढल्या निवडणुकीपर्यंतहि टिकत नाहीं. असें असलें तरी माणसाचें रोजचें जिणें ज्या गोष्टींनीं सुसह्य किंवा असह्य होतें, त्या पाण्याच्या, रस्त्याच्या आणि दिव्याच्या गोष्टी याच पुस्तकांत ठरत असतात. कोकणांतील महाड शहराच्या म्युनिसिपालिटीनें केलेले दोन ठराव या दृष्टीनें विचार करण्यासारखे आहेत. पहिला ठराव १९२४ च्या जानेवारींतला. दुसरा ४ ऑगस्ट १९२७ चा. पहिल्या ठरावानें एक तळें सर्वांना मोकळें केलें. दुसऱ्या ठरावानें पहिला रद्द केला. या दोहोंच्या दरम्यान आणि त्यानंतर जें घडलें, त्यावरून गांवच्या कारभाऱ्यांचा अधिकार किती आणि त्याची मर्यादा कोणती, हें चांगलें समजतें.

महाड हें सावित्री नदीच्या कांठचें जुनें व्यापारी गांव. रायगड किल्ला त्याच टापूंत. तालुक्याचें ठिकाण असल्यामुळें कचेरी, न्यायालय, बाजार या सर्वांसाठीं भोंवतालच्या खेड्यांतील माणसांना तेथें येणें भाग पडे. त्या काळीं हा मुलूख कुलाबा जिल्ह्यांत मोडत असे. १९८१ पासून त्या जिल्ह्याचें नांव रायगड झालें. शहराच्या वस्तींत चवदार तळें आहे. विस्तार सुमारें चार-पांच एकर, चारी बाजूंनीं म्युनिसिपालिटीचे रस्ते, आणि रस्त्यांपलीकडे बहुतेक स्पृश्य हिंदूंचीं घरें. बाहेरगांवच्या मनुष्याची तहान भागावयाची ती याच पाण्यानें. मुसलमानांस तेथें मज्जाव नव्हता, गुराढोरांसहि नव्हता. मज्जाव होता तो अस्पृश्य गणलेल्या जातींना. कामासाठीं शहरांत आलेल्या महार-चांभारास घोटभर पाण्याकरितां शहराबाहेरच्या आपल्या वस्तीकडे चालत जावें लागे.

हिंदुस्थानांतील स्थानिक स्वराज्याची पायाभरणी लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावानें झाली, असें समजलें जातें. लोकांनीं आपल्या गांवचा कारभार पाहून राज्यकारभाराचें शिक्षण घ्यावें, हा त्यांतील हेतु. मुंबई इलाख्यांत १८८४ सालीं आणि पुढें १९०१ सालीं त्यासंबंधीं कायदे झाले. कांहीं सभासद लोकांनीं निवडावे, कांहीं सरकारनें नेमावे, अशी पद्धति होती. परंतु 'लोक' या शब्दाचा अर्थ फार आकुंचित होता. मताचा अधिकार कर भरणाऱ्या आणि मिळकत असणाऱ्या थोड्यांनाच होता. ज्याच्या नांवावर शहरांत घर नाहीं, दुकान नाहीं, त्याला मत नाहीं. आणि ज्याला मत नाहीं, त्याच्या तहानेची चिंता करण्याची निकड उमेदवाराला भासत नसे.

या व्यवस्थेस पहिला धक्का महाड तालुक्यांतच पूर्वी एकदां बसला होता. महाडजवळच्या रावढळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करांतून निवृत्त झालेले गृहस्थ. जोतीराव फुले यांच्या विचारांचे ते अनुयायी होते. सरकारनें १८९५ सालीं त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली. महार सभासदाशेजारीं बसावें लागणार, या कल्पनेनेंच उच्चवर्णीय सभासदांत मोठी खळबळ उडाली व वर्तमानपत्रांतून वाद झाला. बोर्डाच्या खोलींत एक खुर्ची वाढली, एवढाच काय तो फरक. परंतु खुर्चीवर कोण बसतो यालाहि अर्थ असतो, हें त्या वादानें दाखवून दिलें.

पुढें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या अथवा चालविलेल्या विहिरी, पाणवठे व धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, न्यायालयें, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा उपयोग करण्यास अस्पृश्यांना मोकळीक असावी, असा त्याचा आशय. त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत सरकारनें खातेप्रमुखांना तसे हुकूम पाठविले. स्थानिक संस्थांवर मात्र थेट सक्ति नव्हती. त्यांनीं आपापल्या हद्दींत निर्णय घ्यावयाचा होता. पुष्कळ ठिकाणीं तो कागद फडताळांत पडून राहिला. महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ च्या जानेवारींत चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. महाड म्युनिसिपालिटीचें अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस हे या बाबतींत पुढाकार घेणाऱ्यांपैकीं होते. ते कायस्थ प्रभु समाजांतले. स्वजनांचा रोष ओढवून घेऊन दुसऱ्यांच्या हक्कासाठीं उभे राहणारे पुढारी त्या काळच्या लहान शहरांत फार थोडे निघत. टिपणीस त्यांतले एक, हें त्यांचें श्रेय निःसंशय आहे.

परंतु ठराव झाला म्हणून पाणी मिळालें नाहीं. तीन वर्षेंपर्यंत एकाहि अस्पृश्यानें त्या तळ्याचें पाणी भरलें नाहीं. म्युनिसिपालिटीनें दार उघडलें, पण दाराशीं उभे असलेल्या शेजाऱ्यांची नजर बदलली नाहीं. आणि ती बदलविण्याचें सामर्थ्य कोणत्याहि अध्यक्षाच्या सहींत नव्हतें. कौन्सिलालाहि ही स्थिति दिसत होती. ५ ऑगस्ट १९२६ रोजीं बोले यांनीं पुन्हां ठराव आणला आणि पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या म्युनिसिपालिट्यांना व बोर्डांना सरकारी मदत देऊं नये, अशी शिफारस करविली.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगांवचे रामचंद्र बाबाजी मोरे प्रभृति स्थानिक कार्यकर्त्यांनीं तिच्यासाठीं खेडोपाडीं खटपट केली होती. अध्यक्षस्थानीं डॉ. भीमराव आंबेडकर होते. ते त्याच वर्षीं मुंबईच्या कायदेकौन्सिलाचे सभासद झाले होते. दुसऱ्या दिवशीं समारोपाच्या वेळीं अनंत विनायक चित्रे यांनीं सूचना केली कीं, म्युनिसिपालिटीचा ठराव आहे, तर परिषदेनेंच तो अमलांत आणावा. मंडपांतून मिरवणूक निघाली, शिस्तीनें तळ्यावर गेली, आणि डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्यामागून हजारों लोकांनीं तें पाणी प्राशन केलें. त्यानंतर गांवांत अशी अफवा उठली कीं, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार. जमाव काठ्या घेऊन धांवला. मंडपांत जेवत असलेल्या आणि गांवोगांवीं परतणाऱ्या निःशस्त्र प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढें तळें विटाळलें म्हणून दूध, दहीं, गोमूत्र व शेण यांनीं भरलेले १०८ घडे मंत्रोच्चारांसह पाण्यांत ओतून त्याची शुद्धि करण्यांत आली.

यानंतर साडेचार महिन्यांनीं, ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्युनिसिपालिटीनें १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांच्या मूळ ठरावास त्या दिवशीं बरोबर चार वर्षें पूर्ण झालीं होतीं. ज्या पुस्तकांत परवानगी लिहिली होती, त्याच पुस्तकांत ती खोडली गेली. यांत कायद्याच्या दृष्टीनें कांहीं विलक्षण नव्हतें. सभासदांना ठराव करण्याचा जो अधिकार, तोच तो फिरविण्याचा. १९२४ च्या सभासदांपुढें सरकारी परिपत्रक होतें, १९२७ च्या सभासदांपुढें क्षुब्ध झालेला मतदार होता. पहिला ठराव कागदावर राहिला तोंपर्यंत त्याचा कोणाला त्रास नव्हता. तो आचरणांत येतांच तो नकोसा झाला. औदार्य म्हणून दिलेली वस्तु देणाऱ्याचें मन फिरलें कीं परत घेतां येते, हा धडा अस्पृश्य समाजाला त्या दिवशीं मिळाला.

त्यावर उत्तर म्हणून डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह करण्याचें जाहीर झालें. तेव्हां १२ डिसेंबर १९२७ रोजीं कांहीं स्पृश्य रहिवाशांनीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्यावर दिवाणी दावा लावला आणि १४ तारखेस तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबर रोजीं परिषद भरली. १७८९ सालीं व्हर्साय येथें फ्रान्सची राष्ट्रसभा भरली होती, तिच्याशीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या भाषणांत या परिषदेची तुलना केली. त्याच दिवशीं गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या ठरावाप्रमाणें मनुस्मृतीचें दहन झालें. पाण्याच्या बाबतींत मात्र निराळा विचार झाला. लोक तुरुंगांत जाण्यास तयार होते. परंतु लढा गांवकऱ्यांशीं आहे, न्यायालयाशीं नाहीं, असा विवेक करून सत्याग्रह तहकूब ठेवण्यांत आला. २७ डिसेंबर रोजीं मिरवणूक तळ्याभोंवतीं फिरून आली. पाण्यास कोणी हात लावला नाहीं. २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं तो मनाई हुकूम उठला, पण मूळ दावा चालूच राहिला.

त्या दाव्यांत वादींचें म्हणणें दोन प्रकारचें होतें. तळें सार्वजनिक नसून स्पृश्यांच्या मालकीचें आहे, हें एक. आणि अस्पृश्यांना तेथें न येऊं देण्याची वहिवाट अनादि कालापासून चालत आलेली आहे, हें दुसरें. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, तें तळें सरकारचें असून पुढें म्युनिसिपालिटीकडे आलें, असें न्यायालयांत ठरलें. म्युनिसिपालिटीनें ठराव फिरविला तरी तळ्याचें सार्वजनिक स्वरूप तिला फिरवितां आलें नाहीं. ज्या संस्थेनें पाठ फिरविली, तिच्याच मालकीमुळें प्रतिवादींची बाजू बळकट झाली! राहिली वहिवाट. अस्पृश्य लोक १९२७ पूर्वीं तेथें पाणी भरीत नव्हते, हें कोणीच नाकारलें नाहीं. परंतु तेवढ्यावरून ती चाल अनादि आहे असें सिद्ध होत नाहीं, हें न्यायालयानें मान्य केलें. पहिल्या न्यायालयानें १९३१ सालीं दावा काढून टाकला, अपिलाच्या न्यायालयानें १९३३ सालीं तोच निर्णय कायम ठेवला, आणि शेवटीं मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया यांनीं १७ मार्च १९३७ रोजीं वादींचें अपील फेटाळलें. हे ब्रूमफील्ड तेच, ज्यांनीं १९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींना शिक्षा सुनावली होती. तळ्यावरच्या त्या पहिल्या ओंजळीला दहा वर्षें पूर्ण होण्यास तेव्हां तीन दिवस कमी होते.

यानंतरची एक घटना या कथेला पुरती उलट कलाटणी देणारी आहे. १९४० च्या मार्च महिन्यांत महाड येथें सत्याग्रहाचा स्मृतिदिन साजरा झाला, तेव्हां महाडच्या म्युनिसिपालिटीनें डॉ. आंबेडकरांना मानपत्र अर्पण केलें. संस्था तीच, शहर तेंच, तळें तेंच. सभागृहांतील माणसें आणि काळ मात्र बदललेला. तेरा वर्षांपूर्वीं ज्या कृतीमुळें ठराव फिरविण्यांत आला, त्याच कृतीच्या स्मरणार्थ आलेल्या पाहुण्याचा शहरानें गौरव केला. या मानपत्रामुळें कोणाचा हक्क वाढला असें नाहीं. तो हायकोर्टाच्या निकालानें आधींच स्थिर झाला होता. परंतु शेजाऱ्यांचें मन बदलत असल्याची ती खूण होती, आणि अशा खुणेला गांवाच्या जीवनांत मोल आहे.

पुढें त्या दाव्यांतील प्रतिवादीच भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमांत सार्वजनिक विहिरी, तळीं, स्नानाचे घाट व रस्ते यांचा उपयोग करण्यास जातीच्या कारणावरून कोणालाहि प्रतिबंध करतां येणार नाहीं, असें स्पष्ट लिहिलें आहे. सतराव्या कलमानें अस्पृश्यताच नष्ट केली. बोले यांच्या ठरावाशीं हें पंधरावें कलम ताडून पाहिल्यास दोहोंतील नातें ध्यानांत येतें. कौन्सिलाची जी शिफारस होती, ती देशाचा मूलभूत कायदा झाली. १ जून १९९३ रोजीं अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांत अनुसूचित जाति-जमातींसाठीं लोकसंख्येच्या प्रमाणांत व स्त्रियांसाठीं किमान एक तृतीयांश जागा राखल्या, आणि अध्यक्षपदांसहि आरक्षण लागूं केलें. महाराष्ट्रांत स्त्रियांचा वाटा २०११ सालीं निम्म्यावर आला. वलंगकरांना सरकारच्या मर्जीनें मिळालेली खुर्ची या रीतीनें हक्काची झाली.

नगरपालिकेंत पुढारी बदलले कीं गांवचें नशीब बदलेल, अशी आशा प्रत्येक निवडणुकीच्या वेळीं उत्पन्न होते. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. महाडांत टिपणीसांसारखे कारभारी नसते, तर १९२४ चा ठराव झाला नसता. आणि तो ठराव नसता, तर चित्र्यांना परिषदेपुढें बोट दाखवावयास आधार राहिला नसता. परंतु चांगला कारभारी देतो ती परवानगी असते. ती घेण्यासाठीं ज्यांना तहान आहे त्यांनाच तळ्यापर्यंत चालत जावें लागतें, मार सोसावा लागतो, दहा वर्षें न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तेव्हां कोठें तिचा हक्क बनतो. परवानगीचें आयुष्य पुढच्या सभेपर्यंत. हक्काला सभेची भीति नाहीं. महाडच्या कामकाजाच्या पुस्तकांतील त्या दोन नोंदी एकमेकींस खोडून काढतात, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण त्या दोहोंच्या मध्यें २० मार्चची ती ओंजळ आहे, आणि ती कोणत्याहि ठरावानें खोडतां आली नाहीं.