केमोच्या दोन डोसांमध्ये तीन आठवडे का?

"डॉक्टर, डोस लवकर लवकर देऊन संपवता येणार नाहीत का?" हा प्रश्न बहुतेक रुग्ण विचारतात. उत्तर हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये आहे. ते शोधण्याची सुरुवात मात्र रणांगणावर झाली.

१९१७ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या ईप्रजवळ मस्टर्ड गॅस वापरला. (मोहरीशी त्याचा काही संबंध नाही, नाव पडलं ते वासावरून.) त्याने कातडी भाजायची, डोळे सुजायचे. पण या वायूने दगावलेल्या सैनिकांच्या मज्जेत क्रम्भार दांपत्याला १९१९ मध्ये आणखी एक गोष्ट आढळली: रक्त तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झाल्या होत्या.

हे विष पांढऱ्या पेशी मारतं, तर त्याच पेशींच्या कर्करोगावर का चालू नये? १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी मस्टर्ड गॅसचं भावंड असलेलं नायट्रोजन मस्टर्ड शिरेतून देऊन पाहिलं. रुग्णाला लिम्फोसार्कोमा होता, रेडिएशनचा उपयोग होईनासा झाला होता. लागोपाठ दहा दिवस औषध दिलं आणि गाठी भराभर विरघळल्या. पुढच्या काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आल्या. मग मज्जा सावरली. पण गाठीही परत आल्या. पुन्हा औषध दिलं, तेव्हा गुण कमी आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो रुग्ण गेला. युद्धातलं गुपित म्हणून हे संशोधन १९४६ पर्यंत छापलंही गेलं नाही.

मज्जा सावरली कशी, याचा उलगडा पुढे झाला. १९६१ मध्ये टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्कुलक यांनी किरणोत्सर्गाने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. दहाएक दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर छोटे उंचवटे दिसले. त्यातला एकेक उंचवटा एकाच पेशीपासून वाढलेला होता. रक्ताच्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, अस्तित्वात आहेत याचा हा ठोस पुरावा.

केमोची बरीचशी औषधं विभाजन होत असलेल्या पेशींना गाठतात. मूळपेशी बहुतांशी निद्रिस्त असतात, म्हणून बऱ्याच वाचतात. मरतात त्या त्यांच्या धावपळ करणाऱ्या वंशज पेशी. रक्तातल्या न्यूट्रोफिलचं आयुष्य जेमतेम एखादा दिवस, म्हणून मज्जेतून पुरवठा तुटला की काउंट झपाट्याने पडतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान तो सर्वांत कमी असतो. या दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप आला तर घरी पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीच रुग्णालय गाठा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मूळपेशी नवी फौज उभी करतात, आणि मग पुढचा डोस देता येतो.

१९९१ पासून फिलग्रास्टिम हे इंजेक्शन मिळू लागलं. त्याने पांढऱ्या पेशी लवकर वाढतात, प्लेटलेट्स मात्र वाढत नाहीत. त्यामुळे इंजेक्शन घेतलं असलं तरी डोसाआधीचा सीबीसी चुकवता येत नाही.