विवाहाचा पुरावा आणि जोडीदार व्हिसाची मुलाखत : आलापल्ली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

विवाह ही समाजमान्य संस्था असली, तरी विवाह झाल्याचा पुरावा कोणी, कोणापुढे आणि कोणत्या स्वरूपात द्यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे राहिले आहे. परदेशात असलेल्या पतीकडे वा पत्नीकडे जाण्यासाठी वकिलातीत जी मुलाखत द्यावी लागते, ती या प्रश्नाचे आजचे सर्वांत ठळक रूप होय. मुलाखत खिडकीपाशी काही मिनिटांत उरकते. परंतु तिच्यामागील संशयाचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा वेध गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्ली परिसराच्या दृष्टिकोनातून घेतला आहे.

आलापल्लीची निवड काहीशी अनपेक्षित वाटणे स्वाभाविक आहे. अहेरी तालुक्यातील हे गाव सागवानासाठी आणि राखून ठेवलेल्या ‘वनवैभवा’साठी प्रसिद्ध आहे. भामरागड, एटापल्ली व सिरोंचा या तिन्ही दिशांचे रस्ते येथून फुटतात. परदेशी जाणाऱ्यांचा ओघ येथून मोठा नाही. तथापि कुरखेडा तालुक्यातील एका लहान गावचा, आश्रमशाळेत शिकलेला आदिवासी तरुण अमेरिकेत शास्त्रज्ञ झाल्याचे वृत्त २०२२ मध्ये देशभर प्रसिद्ध झाले, तेव्हा जिल्हा आणि परदेश यांतील अंतर कमी होत असल्याचे सर्वांच्या लक्षात आले. पुण्या-नागपुरातील कुटुंबाला व्हिसाच्या तयारीत जे सहज साधते, ते या परिसरातील कुटुंबाला का साधत नाही, हे पाहिले म्हणजे त्या तयारीमागील गृहीतके उघडी पडतात.

गावाची चौकशी

विवाहासंबंधीची चौकशी आदिवासी समाजाला नवी नाही. चंद्रपूर-गडचिरोली भागातील गोंड समाजात कुळांची विभागणी देवांच्या संख्येवरून होते. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव असे गट असून एकाच गटात सोयरीक होत नाही. त्यामुळे स्थळ पाहताना पहिला प्रश्न देवांचा असतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात या व्यवस्थेची सविस्तर नोंद आहे. ही चौकशी विवाहापूर्वी होते, जाणकार वडीलधारे ती करतात आणि तिचे समाधान झाले की विवाहाला सारे गाव साक्षीदार असते. पुढे कोणी शंका घेतल्यास उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या वधूवर नसते.

वकिलातीतील चौकशी याच्या नेमकी उलट आहे. ती विवाहानंतर होते, अनोळखी अधिकारी ती करतो आणि तेथे गावाची साक्ष चालत नाही, कागदाची चालते.

सोयरिकीने सीमा ओलांडणेही या प्रदेशाला नवे नाही. १९४८ पूर्वी प्राणहिता-गोदावरीच्या पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते, पूर्वेला इंद्रावतीपलीकडे बस्तर संस्थान होते आणि अलीकडे ब्रिटिशांचा चांदा जिल्हा. तीन सत्तांच्या या प्रदेशात नात्यागोत्यांची वीण नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेली होती. दूरच्या प्रवासाचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांना अडचण आली ती समाजाच्या विरोधाची आणि पैशाची, व्हिसाची नव्हे. भारतात पारपत्राची व्यवस्था पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाली आणि १९२० च्या कायद्याने ती पक्की झाली.

केपचा निकाल आणि त्यानंतर

विवाहाची रीतच अमान्य करून पत्नीला प्रवेश नाकारण्याचे गाजलेले उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एका भारतीय मुस्लिम पत्नीच्या प्रवेशाच्या प्रकरणात निकाल दिला. बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह तेथील कायद्याला मान्य नाही, असा त्याचा आशय होता. एका निकालाने हजारो हिंदू, मुस्लिम व पारशी पत्नी कायद्याच्या दृष्टीने पत्नी राहिल्या नाहीत. कस्तुरबा व अन्य स्त्रिया त्या वर्षी सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. नामदार गोखले यांनी भारतात या लढ्यासाठी निधी उभा केला. १९१४ च्या ‘इंडियन्स रिलीफ ॲक्ट’ने अखेर एका पत्नीपुरती मान्यता दिली. या प्रकरणाचे महत्त्व असे की, पती-पत्नी दोघांनाही आपल्या विवाहाविषयी शंका नव्हती. शंका होती ती फक्त राज्यसंस्थेला.

ब्रिटनमध्ये हीच शंका वेगळ्या मार्गाने आली. १९६९ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील कुटुंबीयांना निघण्यापूर्वीच मायदेशी प्रवेश-प्रमाणपत्र घेणे बंधनकारक केले. त्यासाठी पती-पत्नी व नातलगांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारून उत्तरांतील तफावत शोधली जाई. जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची ती अविवाहित आहे की नाही हे ठरविण्यासाठी शारीरिक तपासणी करण्यात आली. वृत्त प्रसिद्ध होताच संताप उसळला आणि ही प्रथा थांबविण्यात आली. पुढे अभिलेखागारातील कागदपत्रांवरून अशा तपासण्या भारतीय उपखंडातील ब्रिटिश कार्यालयांतही झाल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. कागद नसला की शरीरालाच पुरावा मानण्यापर्यंत प्रशासनाची मजल गेली होती.

१९८० पासून लागू झालेला ‘मुख्य हेतू’चा नियम अधिक सूक्ष्म होता. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा नव्हता, असे अर्जदाराने सिद्ध करावयाचे होते. हेतू नव्हता हे सिद्ध कसे करावयाचे? ठरवून झालेला विवाह तर मुळातच संशयास्पद ठरे. भारतीय प्रथेप्रमाणे पत्नी पतीच्या घरी जाते. मग हा पती पत्नीच्या देशात का येतो, असा युक्तिवाद अधिकारी करीत. ‘भारतीय प्रथा’ नावाची एकच प्रथा अस्तित्वात असल्याचे त्यात गृहीत होते. गोंड समाजातील लमसेना पद्धतीत वर वधूच्या बापाच्या घरी राहून काही वर्षे काम करतो, हे त्या कार्यालयांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नियम रद्द झाला तो जून १९९७ मध्ये. मधल्या काळात त्याने अनेक जोडप्यांची वर्षे खाल्ली.

अमेरिकेने १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला अवघ्या १०० जणांचा कोटा दिला आणि १९६५ च्या कायद्याने कुटुंबाला स्थलांतराचा मुख्य आधार केले. तेथे संशय आला तो बनावट विवाहांच्या नावाने. १९८५ मध्ये विवाहाधारित अर्जांपैकी ३० टक्के बनावट असल्याचा दावा स्थलांतर खात्याने संसदीय समितीपुढे केला. त्यामागची पाहणी सदोष असल्याचे नंतर उघड झाले. पण १९८६ चा कायदा तोवर होऊन गेला होता. विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर जोडीदाराला दोन वर्षांचे सशर्त वास्तव्य मिळते, हा नियम त्याच कायद्याचा आहे. न्यूयॉर्कमधील स्टोक्स खटल्यातील १९७६ च्या तडजोडीनुसार तेथे मुलाखतीची पद्धत ठरविण्यात आली. पती-पत्नींना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारण्याच्या मुलाखतीला त्या खटल्याचे नाव चिकटले आहे.

ग्रामपंचायतीची नोंदवही

मुलाखतीची तयारी म्हणजे प्रश्नोत्तरांचा सराव, असा सर्वसाधारण समज आहे. आलापल्ली परिसराचा विचार करता खरी तयारी ग्रामपंचायत कार्यालयात सुरू होते.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २(२) नुसार तो कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यांचे विवाह रूढीने होतात आणि रूढीनेच वैध ठरतात. मात्र रूढीचा आधार घेणाऱ्याने ती रूढी सिद्ध केली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सूरजमणी स्टेला कुजूर प्रकरणात अधोरेखित केले. २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार प्रकरणात त्याच न्यायालयाने सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणी कायदा तत्पूर्वीच आला होता. विवाहानंतर ९० दिवसांत तीन साक्षीदारांच्या सह्यांसह ज्ञापन द्यावे लागते आणि खेड्यात विवाह निबंधकाचे काम ग्रामसेवक पाहतो.

कायदा सोपा आहे; अडचण नमुन्यात आहे. त्यात पुरोहिताची माहिती व सही लागते. माडिया विवाहात पेरमा, भूमिया वा गायता यांपैकी कोणाला पुरोहित म्हणावयाचे? लग्नपत्रिका जोडावयाची, तर ती छापलेलीच नसते. सभागृहाची पावती नसते, छायाचित्रांचा अल्बम नसतो. शहरातील नवपरिणीत जोडपे वकिलातीत जो जाडजूड अल्बम घेऊन जाते, तो त्यांच्या विवाहाचा उपफलच असतो. पुराव्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. येथे गावजेवण झालेले असते, नाच झालेला असतो आणि त्यांपैकी काहीच फाईलमध्ये लावता येत नाही.

नावांचा प्रश्न त्याहून चिवट आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मराठी शिक्षकाने ऐकून लिहिलेले माडिया नाव, आधार कार्डावर संगणकचालकाने केलेले त्याचे इंग्रजी रूपांतर आणि पारपत्रावर पतीचे नाव जोडून झालेले तिसरेच रूप, अशी तीन नावे एकाच स्त्रीला चिकटलेली आढळतात. घरी झालेल्या जन्माची नोंद नसल्यास अनुपलब्धतेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे घ्यावी लागतात. नावातील फरक राजपत्रात अथवा प्रतिज्ञापत्राद्वारे दूर करणे, पारपत्रासाठी नागपूरच्या विभागीय कार्यालयाशी व्यवहार करणे, पोलीस पडताळणी होणे, या साऱ्याला महिने लागतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, ही बाबही मुलाखतीची तारीख घेताना ध्यानात ठेवावी लागते.

मुंबईची मुलाखत

अमेरिकन नागरिक वा कायम रहिवासी जोडीदाराने आय-१३० अर्ज भरल्यानंतर प्रकरण राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. डीएस-२६० हा अर्ज, उत्पन्नाचे हमीपत्र, पोलीस दाखला व प्रमाणपत्रे तेथे सादर होतात. त्यानंतर मुंबईत नेमलेल्या डॉक्टरांकडे वैद्यकीय तपासणी, व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि शेवटी वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखत. २०११ पर्यंत हीच मुलाखत ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होत असे. एच-१बी कर्मचाऱ्याच्या जोडीदाराचा एच-४ व्हिसा तुलनेने सोपा असतो. महाराष्ट्रातील बहुतेक नववधूंनी तोच अनुभवला आहे.

प्रश्न साधे असतात. ओळख कशी झाली, लग्न कोठे झाले, कोण आले होते, जोडीदार काय काम करतो, पूर्वी विवाह झाला होता काय. उत्तर येत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणणे हे रचलेल्या उत्तरापेक्षा नेहमीच हितकारक ठरते, कारण अधिकारी पाठांतर ओळखतो. मुलाखत मराठीत वा हिंदीत देता येते. परंतु ज्यांची घरची भाषा माडिया आहे, त्यांच्यासाठी मराठी ही शाळेत भेटलेली भाषा होय. संकोचाने आलेले तुटक उत्तर खिडकीपलीकडे लपवाछपवी वाटण्याचा धोका असतो. मुलाखतीआधी घरात बसून आपल्याच लग्नाची हकिकत मराठीत दोन-तीनदा मोकळेपणाने सांगणे हा सर्वांत उपयुक्त सराव होय. कागद अपुरा असल्यास २२१(जी) ची चिठ्ठी मिळते. तो अंतिम नकार नव्हे. मागितलेला कागद दिला की प्रकरण पुढे सरकते. अंतिम नकार मात्र जवळजवळ अपिलापलीकडचा असतो. अमेरिकन नागरिकाला परदेशी जोडीदाराच्या प्रवेशाचा मूलभूत हक्क नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये मुन्योझ प्रकरणात स्पष्ट केले आहे.

या परिसरातील एक पेच विशेष उल्लेखनीय आहे. गावजेवणाचा खर्च झेपत नसल्याने अनेक जोडपी विधीवाचून वर्षानुवर्षे एकत्र राहतात. समाज त्यांना पती-पत्नीच मानतो. पुढे सामूहिक विवाह सोहळ्यात त्यांचे लग्न लागते आणि नोंदवहीत त्या सोहळ्याची तारीख चढते. अपत्याचा जन्म तिच्याआधीचा असतो. दोन तारखांतील हे अंतर दिसताच अधिकाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, आणि जोडपे बहुधा लाजेपोटी जुने सहजीवन झाकू पाहते. वास्तविक ते झाकण्यासारखे काहीच नाही. विवाह जेथे झाला तेथील कायद्याने वैध असेल तर तो मान्य, हे अमेरिकन स्थलांतर कायद्याचेही सर्वसाधारण तत्त्व आहे. शिवाय १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला रूढी-परंपरांच्या जतनाचा अधिकार दिलेला आहे. जोडपे कोणत्या वर्षापासून आणि कोणत्या रूढीने पती-पत्नी आहे, याचा ग्रामसभेचा ठराव, गावप्रमुखाचे प्रतिज्ञापत्र आणि त्यांची इंग्रजी भाषांतरे नोंदणी प्रमाणपत्राच्या मागे जोडल्यास दोन्ही तारखांचा अर्थ लागतो. अर्जात विवाहाच्या तारखेचा रकाना एकच असल्याने तेथे प्रमाणपत्रावरील तारीख लिहावी आणि आधीच्या वर्षांची हकिकत विचारताच पहिल्या वाक्यात सांगावी.