बीपी झटकन उतरवण्याच्या नादात

12 एप्रिल 1945. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं डोकं अचानक भयंकर दुखू लागलं आणि थोड्याच वेळात ते बेशुद्ध झाले. त्यांच्या डॉक्टरांनी मोजलेला वरचा रक्तदाब होता 300 च्या पुढे, खालचा 190. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्या काळी दाब उतरवणारं खात्रीचं औषधच नव्हतं.

त्यामुळे पुढे शिरेतून देण्याची औषधं आली, तेव्हा दाब जितक्या लवकर उतरेल तितकं बरं, असं डॉक्टरांना वाटलं यात नवल नाही. 1970 च्या दशकात डायझोक्साइड असंच दिलं जाई : 300 मिलिग्रॅमचं अख्खं इंजेक्शन अर्ध्या मिनिटाच्या आत. काही मिनिटांत दाब खाली! पण किती खाली, ते आपल्या हातात नसे. दाब कोसळला की हृदय जोरात धावू लागतं. त्याला जास्त प्राणवायू हवा असतो, आणि नेमका तेव्हाच त्याच्या स्वतःच्या धमन्यांतला रक्तप्रवाह घटलेला असतो. काहींना अंजायना, काहींना हार्ट अटॅक, काहींना पक्षाघात झाला. शिवाय या औषधाने अंगात मीठ-पाणी साठे.

किडनीचं दुखणं वेगळं. वर्षानुवर्षं चढ्या दाबाला सरावलेल्या किडनीला एकदम ‘नॉर्मल’ दाब पुरत नाही. वरच्या मजल्यावरच्या नळाचं पाणी दाब घटल्यावर बारीक होतं, तसंच. लघवी कमी होते, क्रिएटिनिन वाढतं.

नायट्रोप्रुसाइडने लगाम हाती दिला. 1974 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध सलाईनमधून थेंबाथेंबाने देतात. बंद केलं की मिनिटांत असर ओसरतो. पण त्यातून सायनाइड सुटतं. यकृत त्याचं थायोसायनेट करतं आणि ते बाहेर टाकायचं काम किडनीचं. म्हणजे किडनी आधीच अधू असेल, तर तिथेच अडचण. लॅबेटॅलॉल, निकार्डिपिन ही औषधं पुढे जास्त सोयीची ठरली.

आम्ही शिकत होतो तेव्हा निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायचे. शिरेतून नव्हे, पण घाई तीच आणि धोकाही तोच.

आता पहिल्या तासात दाब साधारण पाव हिश्श्यापेक्षा जास्त उतरवत नाहीत. महाधमनी फाटणं यासारखे अपवाद आहेत. ‘‘डॉक्टर, मशीनवर 200 दाखवतंय, इंजेक्शन का देत नाही?’’ असं नातेवाईक विचारतात. मी आधी छातीत दुखतंय का, दम लागतोय का, दिसायला धूसर झालंय का, हातपाय लुळे पडलेत का, ते पाहतो. ईसीजी आणि क्रिएटिनिन करतो. यातलं काही बिघडलेलं नसेल तर गोळ्या देतो आणि एक-दोन दिवसांत परत बोलावतो.